शेवटचं नाव

१९६० साली अमेरिकेतल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात परळहून गेलेला एक लेख छापून आला. त्यातले उंदीर आधी निकस आहारावर ठेवले होते, आणि मग त्यांच्या टाळूला मिरचीतल्या तिखटाचा, म्हणजे कॅप्सायसिनचा, लेप दिला होता. मुंबईच्या दवाखान्यांत त्या काळी एक चमत्कारिक आजार दिसत असे. गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ होत जायचं, तोंड दिवसेंदिवस कमी उघडायचं आणि काहींना पुढे तिथेच कर्करोग व्हायचा. मिरची तर या देशात घरोघर. तेव्हा तिच्यावर संशय जाणं साहजिक होतं. उंदरांच्या टाळूत तसे बदल दिसलेही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा. पुढे बऱ्याच वर्षांनी खरी गुन्हेगार सापडली ती सुपारी.

लेखावर दोन नावं होती. पहिलं सत्यवती शिरसाट, दुसरं वसंत रामजी खानोलकर. शिरसाट तेव्हा पस्तिशीत होत्या, खानोलकर पासष्टीचे आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. भारतातल्या विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जाई. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. लेखावर मात्र ते मागे उभे आहेत.

वैद्यकीय संशोधनाच्या जगात नावांचा क्रम ही हलकी गोष्ट नाही. शेजारशेजारच्या बाकांवर त्यावरून भांडणं झालेली आहेत. पहिलं नाव ज्याने हात काळे केले त्याचं, शेवटचं ज्याच्या छपराखाली काम झालं त्याचं, हा संकेत आज रुळला आहे. आजच्या भाषेत या छपराला ‘मेंटॉर’ म्हणतात. परळच्या कॉरिडॉरमध्ये त्याला ‘गाईड’ म्हणत, आणि समोर गेल्यावर ‘सर’. तरुण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ इथे कसे घडवले गेले, याचा इतिहास वाचायचा तर लेखांच्या शीर्षकांपेक्षा त्यांखालच्या नावांची रांग अधिक बोलकी आहे.

*

परळचा हा मैलभराचा टापू चालत पाहता येतो. जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. तिचीच १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तिथून जवळच केईएम रुग्णालय आणि शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, म्हणजे ‘जीएस’. आणि हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल, १९४१ चं.

यातल्या जीएसच्या जन्मकथेतच मार्गदर्शनाचा प्रश्न दडलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकीच्या खुर्च्या बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत, आणि त्या सेवेत गोऱ्यांचा भरणा. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला, तरी त्याची मजल बहुधा हाताखालच्या जागेपर्यंत. ज्याला स्वतःचीच खुर्ची नाही तो दुसऱ्याला काय बसवणार? गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की कॉलेजात शिकवणारे सगळे हिंदी असतील. १९२६ मध्ये कॉलेज उभं राहिलं. त्याचे डीन जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते. लंडनहून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी होऊन आलेले खानोलकर आधी ग्रँट मेडिकलमध्ये आणि नंतर जीएसमध्ये शिकवू लागले. आडनाव वेंगुर्ल्याकडच्या खानोलीचं, शिक्षण लंडनचं आणि पुढचं सगळं आयुष्य मुंबईतल्या शवविच्छेदनाच्या टेबलापाशी.

१९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळा आणि संशोधन या दोन्हींची सूत्रं त्यांच्याकडे आली. तीन वर्षांत त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये छापला. त्यावर एकच नाव आहे, त्यांचं.

पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, दोन नावं. खानोलकर आणि बी. सूर्याबाई. लेख होता राहणीतून, सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलेल्या धोतराच्या गाठीखाली होणारा त्वचेचा कर्करोग ‘धोती कॅन्सर’ या नावाने जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत गेला तो याच लेखामुळे. १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा जातिसमूहांच्या आनुवंशिक वैशिष्ट्यांवरचा लेख इंग्लंडमध्ये छापला गेला. नावं: एल. डी. संघवी आणि खानोलकर. सर आता दुसरे. १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणं-चघळणं आणि घशा-तोंडाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा लेख आला: संघवी, राव, खानोलकर. सर तिसरे, आणि शेवटचे.

अकरा वर्षांत एक माणूस आपल्याच कामाच्या मथळ्यातून पायरी पायरीने मागे सरकत गेला. हे ठरवून केलं असं म्हणायचं कारण नाही. पण मागे सरकण्यासाठी पुढे कोणीतरी उभं असावं लागतं, आणि ते कोणीतरी त्याने स्वतः तयार केलेलं होतं.

*

खानोलकरांनी तयार केलेल्यांत सगळ्यांत ठळक नाव कमल रणदिवे यांचं. माहेरच्या त्या समर्थ, पुण्याच्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, मुलीचा ओढा वनस्पतींकडे. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि मग शेतकी कॉलेज या रस्त्याने जाऊन त्यांनी १९४३ मध्ये एमएस्सी केलं ते सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. तोवर लग्न होऊन त्या मुंबईत आल्या होत्या. सीताफळाच्या पेशी पाहणारी ही बाई टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या पेशींकडे वळली.

आजच्या कुठल्याही निवड समितीपुढे हा अर्ज आला असता, तर ‘विषय वेगळा’ असा शेरा मारून बाजूला पडला असता. खानोलकरांनी पाहिलं ते एवढंच की हिला पेशी बघता येतात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी झाली.

आणि मग गाईडने केलं ते काम, जे बहुतेक गाईडांना सगळ्यांत जड जातं. त्यांनी हाताशी आलेलं माणूस बाहेर धाडलं. रॉकफेलर फेलोशिप घेऊन रणदिवे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत, पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या ही विद्या, म्हणजे टिश्यू कल्चर, तेव्हा जगात मोजक्याच ठिकाणी नीट जमत होती. गे त्यातले उस्ताद. नळ्या मंद गतीने फिरवत ठेवणारं त्यांचं यंत्र प्रसिद्ध होतं. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्णेच्या पेशींतून १९५१ मध्ये जगातली पहिली न मरणारी मानवी पेशीमालिका, ‘हेला’, निघाली ती याच प्रयोगशाळेतून. हे तंत्र पुस्तकातून शिकण्यासारखं नव्हतं. हात धुण्यापासून नळीचं तोंड ज्योतीवर फिरवण्यापर्यंत सगळं दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून, बघून उचलायचं. लोणचं घालायला शिकतात तसंच, फक्त इथे एक जंतू शिरला की महिन्याची मेहनत गेली.

रणदिवे परत आल्या. तोवर परळमध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं होतं. १९५२ चं हे केंद्र, खानोलकर त्याचे पहिले संचालक. तिथे रणदिव्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा मांडली. शिरसाट यांनी त्याच संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग उभा केला. कराचीत जन्मलेल्या, मुंबईत झेवियर्समधून सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या शिरसाट यांची पीएचडी १९५८ ची. एक वनस्पतींतून आलेली, एक सूक्ष्मजीवांतून. दोघींपैकी एकीकडेही एमबीबीएसची पदवी नाही, आणि दोघींची टेबलं रुग्णालयाच्या सावलीत.

*

खानोलकरांना कर्करोगाइतकाच दुसरा एक ध्यास होता, कुष्ठरोगाचा. रोगाची सुरुवातीची खूण कातडीत कुठे उमटते, मज्जातंतूंत जंतू कसा शिरतो, हे ते काचपट्ट्यांवर वर्षानुवर्षं शोधत राहिले. अडचण एकच होती आणि ती ८० वर्षांहून जुनी होती. नॉर्वेच्या हॅन्सनला १८७३ मध्ये दिसलेला कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. आजही कृत्रिम माध्यमात तो वाढत नाही.

इथे परळच्या दोन विद्या एकमेकींना भेटल्या. सरांना ठाऊक होतं की या जंतूला मज्जातंतू प्रिय. रणदिवेबाईंना ठाऊक होतं की पेशी काचेत कशा जगवायच्या. मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागाठींच्या पेशी वाढवून त्यांत कुष्ठरुग्णाच्या गाठीतले जंतू सोडले गेले, आणि एक जंतू वाढला. १९५८ मध्ये त्याचं वृत्त छापून आलं: बापट, रणदिवे, खानोलकर. या रांगेत आता तीन पायऱ्या दिसतात. खानोलकरांची विद्यार्थिनी मधे, तिच्या पुढे सी. व्ही. बापट, आणि सर शेवटी.

जंतूला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव पडलं. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हता, त्याच्या दूरच्या नात्यातला निघाला. एखाद्या कथेत इथे निराशेचा परिच्छेद आला असता. परळमध्ये तो जंतू फेकला गेला नाही. तो मूळ जंतूचा सख्खा नसला तरी शरीराची रोगप्रतिकारशक्ती दोघांना सारखंच ओळखते असं दिसत गेलं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मा. ग. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंपासून कुष्ठरोगावरची लस तयार केली. १९७८ मध्ये खानोलकर गेले. पुढे तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात मोठी चाचणी झाली. सुमारे १ लाख ७१ हजार स्वयंसेवक, चार वेगवेगळ्या लशी आणि शिवाय नुसत्या सलाइनची सुई. चाचणी चालवणाऱ्या चमूचे प्रमुख एम. डी. गुप्ते हेही मराठी. १९९८ मध्ये आकडे जाहीर झाले. परळच्या लशीने दिलेलं संरक्षण ६५.५ टक्के, चौघींत सर्वाधिक.

काचेतल्या जंतूपासून खेड्यातल्या दंडापर्यंत चाळीस वर्षं. या प्रवासाला आता ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ म्हणतात आणि त्यासाठी पंचवार्षिक अनुदानं असतात. चाळीस वर्षांत एका माणसाची अख्खी नोकरी संपते. काम चालू राहिलं कारण ते हातातून हातात गेलं. उशीर मात्र नडला. १९८१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला होता, त्याने रुग्णसंख्या झपाट्याने उतरली, आणि लशीची निकड ओसरली.

*

आता उलट, रांग न लागल्याचं, उदाहरण, त्याच गावातलं. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुस्तम जाल वकील यांचा लेख आला. सर्पगंधेच्या मुळीने ५० रुग्णांचा रक्तदाब कसा उतरला, याचा हिशेब त्यात होता. पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष सर्पगंधेकडे वेधलं ते मुख्यतः या लेखाने, आणि वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. लेखावर एकच नाव. सर्पगंधेतून रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळं निघालं ते मात्र बाझलला, सीबा कंपनीत.

यात वकिलांचा दोष नाही. मुंबईच्या रुग्णालयांत तेव्हा ‘ऑनररी’ पद्धत होती. नामवंत डॉक्टर सकाळी वॉर्डात राउंड घेत, शिकवत, आणि दुपारनंतर आपापल्या दवाखान्यात. राउंडवर त्यांच्यामागे चालणाऱ्या पोरांनी निदानाची कला अशी काही उचलली की ती पिढी आजही त्या राउंडच्या गोष्टी सांगते. संशोधन मात्र दुपारी करायचं असतं, आणि दुपारी सर नसत. क्लिनिकल शिक्षणाची परंपरा मुंबईत भक्कम आणि क्लिनिकल संशोधनाची विरळ, याचं एक साधं कारण या वेळापत्रकात आहे.

पॅथॉलॉजीवाले पूर्ण वेळ असत, म्हणून त्यांच्याकडे रांगा दिसतात. जीएसमध्ये वाय. एम. भेंडे यांना काही माणसांचं रक्त अ, ब, ओ यांपैकी कशातच नीट बसेना. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट जाहीर झाला तेव्हा नावं होती भेंडे, देशपांडे, भाटिया, आणि मग लंडनचे चौघे. तिसरे भाटिया, एच. एम., पुढे त्या विषयाचेच प्रमुख झाले. १९५७ मध्ये सुरू झालेलं रक्तगट संदर्भ केंद्र त्यांच्या हाताखाली वाढलं आणि आज राष्ट्रीय संस्था होऊन केईएमच्याच आवारात आहे.

आणि एक रांग तर मराठी वाचकाच्या ओळखीची. झाडाफुलांवर लिहिणाऱ्या शरदिनी डहाणूकर केईएममध्ये औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. गुळवेलीसारख्या वनस्पतींवरचा १९८९ चा त्यांचा एक लेख थत्ते आणि डहाणूकर या क्रमाने आहे. पहिल्या उर्मिला थत्ते, ज्या पुढे केईएमच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाच्या प्रमुख झाल्या. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिली त्याचं वृत्त १९९३ चं: रेगे, बापट, कोटी, देसाई, डहाणूकर. यातले बापट म्हणजे सर्जन रवी बापट. प्रयोगशाळेतली बाई आणि वॉर्डातला सर्जन एका ओळीत. बाईंचं नाव, अर्थात, शेवटी. (घरोघर गुळवेलीचा काढा उकळणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी तिच्यामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले.)

*

एका माणसाच्या नजरेवर उभी असलेली ही पद्धत जितकी सुंदर तितकीच लहरी. ज्याला खानोलकर भेटले तो तरला. ज्याला नुसता सही करणारा गाईड भेटला त्याचा थिसिस ग्रंथालयात धूळ खात पडला, आणि अशांची संख्या कैक पटींनी मोठी.

रणदिव्यांना हे ठाऊक असावं. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांमागे परत या म्हणून लकडा लावणाऱ्या त्या बाईंनी १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना सुरू केली. वाशीला या संघटनेचं नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आहे, आणि पाळणाघर आहे. करिअर घडवण्याच्या कार्यशाळा पुष्कळ झाल्या असतील. प्रयोग रात्री आठला संपणार असेल तर मूल कुठे ठेवायचं, या प्रश्नाला उत्तर म्हणून खोली बांधणारे थोडे.

माणसं घडवण्याचा प्रश्न एकट्या परळचा नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकेत जेम्स विनगार्डन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये धोक्याची घंटा वाजवली: रुग्ण तपासणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जात आहे. तिथल्या सरकारने यावर अनुदानं, फेलोशिपा अशी यंत्रणा उभारत नेली, आणि २००६ पासून तर विद्यापीठांना त्यासाठी स्वतंत्र मोठे निधी दिले. योगायोग असा, की त्याच १९७९ मध्ये आपल्या आयसीएमआरने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची ‘एसटीएस’ योजना सुरू केली. विद्यार्थ्याने गाईड गाठायचा, छोटा प्रकल्प लिहायचा, मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. पैसे तेव्हा किरकोळ. पण विशीतल्या मुलाला ‘तुझा प्रश्न काय’ असं पहिल्यांदा कोणी विचारतं ते इथे.

त्यानंतर आलं ते मोजमाप. २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला. व्हिडिओ पाहायचे, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. काही न शिकण्यापेक्षा ते बरंच. त्याआधीच प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट लागली होती. निबंध मागताच निबंध आले, सहा-सहा सात-सात नावांचे, आणि त्यातली काही नावं प्रयोगशाळेचा दरवाजाही न पाहिलेली. हा सुकाळ आवरायला मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये फर्मान काढलं की श्रेय फक्त पहिल्या आणि दुसऱ्या नावाला मिळेल. नंतर त्यात फेरबदल झाले, संपर्कासाठी ज्याचं नाव असेल तो लेखकही धरला जाऊ लागला. पण २०१५ चा नियम जसाच्या तसा लावला, तर तंबाखूवरच्या १९५५ च्या लेखाचे आणि आयसीआरसी जंतूवरच्या १९५८ च्या लेखाचे खानोलकरांना मिळणारे गुण शून्य.